नागोयातला कचरा आणि परत आलेली माझी पिशवी

आबोली

परवा जॉगिंग ट्रॅकवर आमच्या ग्रुपमधली एक जण म्हणाली, लेकीकडे जपानला चाललेय, काय काय नेऊ? मी म्हटलं, मसाले न्यायचे तेवढे ने, पण कचरा टाकायला शिकून जा. ती हसली. दोन वर्षांपूर्वी मला कोणी असं सांगितलं असतं तर मीही हसलेच असते.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं नागोयाला होतो. नव्वद दिवसांचा व्हिसा, त्यातला एकेक दिवस वसूल केला. डिंक, हळीव, सुंठ, बाळंतशोपा, सगळं नाशिकहून, इंदिरानगरातून बांधून नेलं. कचऱ्याचा विचार कोण करतं हो? इथे सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की दोन बादल्या उचलायच्या, ओला-सुका, की संपलं.

पोचल्यावर चौथ्या दिवशी लेक दवाखान्यात, जावई तिच्याजवळ. घरी आम्ही दोघंच. स्वयंपाकघरात मेथीचे देठ, चहाचा चोथा, नारळाच्या करवंट्या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, दुधाचे खोके असा ढीग साचला. मी सगळं मेन रोडच्या साडीच्या दुकानातल्या जाड पिशवीत भरलं, गाठ मारली आणि ह्यांनी रात्री खाली जाळीजवळ नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी गाडी आली, बाकीच्यांच्या पिशव्या गेल्या, आमची तशीच. वर एक स्टिकर.

संध्याकाळी बेल वाजली. दारात इमारतीची देखभाल बघणारे आजोबा, सत्तरीचे असतील. माझी पिशवी दोन्ही हातांत धरून उभे, जसं काही वाढदिवसाची भेट आणलीय. कमरेत वाकले, पिशवी दिली, पुन्हा वाकले. त्यांना कसं कळलं आमची ते? पिशवीवर नऊवारी नेसलेली, नथ घातलेली नवरी छापलेली होती! आख्ख्या इमारतीत दुसऱ्या कोणाची असणार?

त्या रात्री जावयानं फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि आम्ही तिघांनी बसून तो कचरा निवडला. मटार निवडतो तसा. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच.

तर जे शिकले ते लिहून ठेवते. चार शब्द पाठ करून जा. कानेन म्हणजे जळणारा, फुनेन म्हणजे न जळणारा, शिगेन म्हणजे पुन्हा वापरात जाणारा, सोदाइ म्हणजे मोठं धूड. नागोयात पिशव्या ठरलेल्या आहेत, जळणाऱ्याची लाल अक्षरांची, न जळणाऱ्याची हिरवी, शिगेनची निळी. किराणा दुकानात, कोपऱ्यावरच्या चोवीस तासवाल्या दुकानात मिळतात. दुसरी कुठलीही पिशवी चालत नाही, नवरीची तर नाहीच. जळणारा आठवड्यातून दोनदा उचलतात, प्लास्टिक एकदा, न जळणारा महिन्यातून एकदा. सकाळी आठच्या आत ठेवायचा, आणि त्याच दिवशी सकाळी. आदल्या रात्री नाही. कारण कावळे! वर जाळी ओढून घ्यावी लागते. ह्यांचं म्हणणं, आपण रामकुंडावर पिंडाला कावळा शिवावा म्हणून तासभर हात जोडून उभे राहतो, आणि इथे कावळ्यापासून खरकटं झाकून ठेवा.

पाण्याची बाटली म्हणजे तीन वस्तू. झाकण वेगळं, वरचं वेष्टन सोलून वेगळं (हे दोन्ही प्लास्टिकमध्ये), मग बाटली विसळून, चेपून तिच्या गटात. दुधाचा खोका विसळायचा, कात्रीनं उभा फाडून पसरायचा, वाळवायचा. खिडकीत सांडगे वाळत घातल्यासारखे खोके असायचे आमचे. वाळले की सुपरमार्केटच्या दारातल्या पेटीत. बाळाचं डायपर जळणाऱ्यात, पण आतली घाण आधी संडासात टाकून. हे मला मात्र मनापासून पटलं.

बाकीचं कोणी विचारलं तर सांगेन. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी आपापल्या गावचं लिहा. लिहून ठेवलं तर पुढच्या आज्यांची अब्रू वाचेल.

नवखा_०७

रुमाल टाकून ठेवतो. आई येत्या मंगळवारी निघतेय, बहिणीकडे, नागोयापासून अर्ध्या तासावर. आईला आजच वाचून दाखवतो.

ठसकेबाज

नऊवारीवाली पिशवी 😂 ताई, त्या आजोबांनी ती नवरी संसाराला लागलेली बघितली नसेल, कचऱ्याला लागलेली बघितली.

पाऊलवाट

आबोलीताई, मस्त लिहिलंय. मी मूळ नाशिक रोडचा, सध्या दक्षिण जर्मनीत, आठवं वर्ष. आमच्याकडचा किस्सा तुमच्या उलटा आहे.

बाबा आले तेव्हा दोन आठवडे पाण्याच्या आणि कोकच्या रिकाम्या बाटल्या, कॅन मोठ्या निगुतीनं चेचून, पायाखाली चपट्या करून, पिशवीत भरून ठेवत होते. रेल्वेत आयुष्य गेलं. बाटली चेचून टाका हे वाक्य त्यांनी स्टेशनवर हजारदा वाचलेलं. मला वाटलं, वा, बाबा मदत करतायत. आणि मग ती पिशवी घेऊन आम्ही दुकानातल्या मशीनपाशी गेलो.

इथे फांट नावाचा प्रकार आहे, म्हणजे अनामत. एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट. पुन्हा भरून विकतात त्या बाटल्यांवर कमी, बिअरच्या काचेच्या बाटलीवर ८ सेंट, पाण्याच्या वगैरे १५. २००३ पासून हे सक्तीचं आहे आणि २०२२ मध्ये जवळजवळ सगळ्या प्लास्टिक बाटल्या आणि कॅन त्यात आले. बाटली मशीनच्या तोंडात ठेवायची, ते फिरवून बारकोड वाचतं, आणि चेपायचं काम ते स्वतःच आत करतं. चेपलेली बाटली दिली की ते वाचूच शकत नाही, परत ढकलून देतं. बाबांच्या चाळीसेक बाटल्या. म्हणजे दहा युरो! मागे रांग. बाबा एकेक बाटली तोंडाला लावून फुंकर मारून फुगवायला लागले. आजूबाजूचे जर्मन बघत होते. एका आजीबाईंनी तर मदत केली, आतून बोट घालून.

म्हणून पहिला नियम: जपानात चेपा, जर्मनीत चेपू नका.

दुसरा नियम काचेचा. जॅम, लोणचं, तेलाच्या काचेच्या बाटल्यांना अनामत नसते, त्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत टाकायच्या. पांढरी, तपकिरी, हिरवी अशा तीन पेट्या. निळी बाटली असली तर हिरवीत. आणि रविवारी किंवा रात्री टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. रविवार इथे शांततेचा. आमच्या आईनं रविवारी सकाळी देवपूजा आटोपून हातासरशी लोणच्याच्या बरण्या टाकल्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गॅलरीतून काही बोलले नाहीत, नुसतं घड्याळाकडे बोट केलं. अजून एक, फुटलेला पाण्याचा ग्लास त्या पेटीत नाही. त्या काचेचा वितळण्याचा बिंदू वेगळा असतो, तो उरलेल्या कचऱ्याच्या काळ्या डब्यात.

बाकी डबे चार. कागद निळा, ओला तपकिरी, पॅकिंगचं प्लास्टिक-पत्रा पिवळा, उरलेलं काळं. रंग गावोगावी थोडे बदलतात. तेलकट पिझ्झाचं खोकं कागदात नाही, काळ्यात. दुकानाची पावती दिसते कागदासारखी पण तीही काळ्यात, तिला रसायनाचा लेप असतो. ओल्या कचऱ्याला आपली "विघटनशील" लिहिलेली पिशवी बऱ्याच ठिकाणी चालत नाही, वर्तमानपत्रात गुंडाळा. (लोकसत्ताची सवय इथे कामी येते, फक्त इथे लोकसत्ता मिळत नाही.)

आमच्या भागात केरवोखं म्हणून एक प्रथा आहे. दर आठवड्याला एका बिऱ्हाडानं जिना, फूटपाथ झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी अडकवतात. आईला ती पाटी बघून आपल्याला काही बक्षीस मिळालं असं वाटलं होतं.

सातपूरकर

वाचनीय धागा. मी एमआयडीसीतून निवृत्त झालेला केमिकलवाला, त्यामुळे माझा प्रश्न तेलाचा. आपलं तळण, चकल्या, अनारसे. दिवाळीच्या तळणीनंतर कढईत उरलेलं तेल तिकडे कुठे टाकतात? सिंकमध्ये ओतलं तर ड्रेनेज तुंबेल.

आबोली

सातपूरकर काका, बरोबर जागी बोट ठेवलंत. बारशाला मी चकल्या केल्या होत्या. जावयानं एक पुडी आणून दिली. गॅस बंद केल्यावर तेल गरम असतानाच ती पावडर टाकून ढवळायची आणि विसरून जायचं. तासाभरानं बघितलं तर कढईत खरवस जमलेला! उलथन्यानं कडेनं सोडवला, अख्खा निघाला, जळणाऱ्या कचऱ्यात. पुडी नसेल तर वर्तमानपत्राचे बोळे किंवा जुनं फडकं तेलात मुरवून टाकायचं, थोडं पाणी शिंपडून, म्हणजे उन्हाळ्यात आपोआप पेट घ्यायला नको.

सातपूरकर

खरवस! ताई, तुम्हाला सांगतो, ती पावडर म्हणजे बहुतेक करून हायड्रॉक्सीस्टिअरिक आम्ल. आणि ते कशापासून बनतं? एरंडेलापासून. एरंडेलात हायड्रोजन घातला की ते मेणासारखं घट्ट होतं. जगातली बहुतांश एरंडी आपल्याकडे पिकते, त्यातली बरीच गुजरातेत. म्हणजे आपलं एरंडेल जपानात जाऊन तुमच्या चकलीच्या तेलाला भेटलं.

लहानपणी दर शनिवारी आई नाक दाबून पाजायची. आता कळलं, जपान्यांनी त्याचा योग्य उपयोग केला.

कोथिंबीरवडी

मी सोलजवळ राहते, नवरा पंचवटीचा, मी लासलगावची. कोरियाचं लिहिते.

इथे १९९५ पासून कचऱ्याची पिशवीच पैसे देऊन घ्यायची. पिशवीच्या किमतीत उचलण्याचा खर्च धरलेला. जितका कचरा जास्त तितक्या पिशव्या, तितके पैसे. एका वॉर्डातली पिशवी दुसऱ्या वॉर्डात चालत नाही, घर बदललं की हे लक्षात ठेवा.

पण खरी गंमत खरकट्याची. २००५ पासून ते जमिनीत पुरायला बंदी आहे, त्यामुळे खरकटं वेगळं. आमच्या सोसायटीत डबा वजन करतो. कार्ड टेकवा, झाकण उघडतं, खरकटं टाका, किती ग्रॅम ते दिसतं, महिनाअखेरी बिलात येतं. सासूबाई आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी भाताचं पातेलं विसळून ते पाणीही डब्यात ओतलं. मी म्हटलं, आई, पाण्याचे पण पैसे लागतात हो! तेव्हापासून त्या चाळणीत निथळून, वर ताटली दाबून टाकायच्या. दोन महिन्यांत आमचं बिल माझ्या एकटीपेक्षा कमी आलं. सासूबाईंशी लढण्यात अर्थ नसतो ते तेव्हा कळलं.

काय खरकटं आणि काय नाही, याचा साधा ठोकताळा आहे: गुराढोरांनी खाल्लं असतं का? कारण त्यातून पशुखाद्य, खत करतात. हाडं नाही, अंड्याची टरफलं नाही, शिंपले नाही, आंब्याची कोय नाही, चहाचा चोथा नाही. आणि कांद्याची सालं नाही! लासलगावच्या मुलीला कोणी शिकवावं कांद्याचं साल कुठे टाकायचं? तर शिकवलं. इमारतीच्या वॉचमननं.

हडसनकाठी

न्यू जर्सी. इथे शिकण्यासारखं फार नाही, न शिकण्यासारखं आहे. सिंकच्या खाली खरकटं दळणारं यंत्र असतं. आई-बाबांना सांगा, त्यात शेवग्याच्या शेंगांचा चोथा, भेंडीचे देठ, नारळाची शेंडी, भात घालू नका. प्लंबर येतो, आणि प्लंबरचं बिल बघून बाबांचं बीपी वाढतं.

अनामतीचं राज्यागणिक वेगळं. आमच्या जर्सीत बाटलीला काही नाही, नदी ओलांडून न्यू यॉर्कात गेलं की ५ सेंट. मिशिगनात १०. आणि हो, २०२२ पासून जर्सीत मोठ्या किराणा दुकानांत प्लास्टिकचीच नाही, कागदाचीही पिशवी देत नाहीत. भारतातून कापडी पिशव्या आणा. मेन रोडवरच्या, नवरीसकट चालतील.

ठसकेबाज

आता जरा खरं बोलू का? (शिव्या पडणार, माहीत आहे.)

तुम्ही वेष्टन सोलताय, खोके वाळवताय, मेथीचे देठ निथळताय. आणि शेवटी जपान करतं काय? घरातल्या कचऱ्याचा पाऊण भागाहून जास्त जाळतं. भट्टीत! युरोप-अमेरिकेनं वर्षानुवर्षं आपलं प्लास्टिक गोणीत भरून चीनला पाठवलं, २०१८ मध्ये चीननं दार लावलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे बघायचे होते. आणि आपण इथे बसून टाळ्या वाजवतोय.

आपल्याकडे बघा. रद्दीवाला दारात येतो, किलोवर पैसे देतो. दुधाच्या पिशव्या धुऊन आमची आजी वर्षानुवर्षं विकत आली. जुन्या साड्यांवर बोहारीण स्टीलचा डबा देऊन जाते. पितळेची मोड, पत्र्याचे डबे, बाटल्या, खोबरेल तेलाचा डबासुद्धा भंगारात. आपल्याकडे कचऱ्याला भाव आहे, तिकडे कचऱ्यासाठी तुम्ही भाव मोजता. मग शहाणं कोण? आमच्या पंचवटीत सायकलवरून ओरडत जातो तो माणूस सगळ्या जर्मनीला शिकवेल.

पाऊलवाट

अर्धं मान्य. सायकलवाल्याबद्दल पूर्ण मान्य. इथेही गरीब माणसं बाटल्या वेचतात, अनामतीसाठी. म्हणून लोक रिकामी बाटली कचराकुंडीत न टाकता तिच्या शेजारी उभी ठेवतात, वेचणाऱ्याला आत हात घालायला नको म्हणून. आई हे बघून बराच वेळ काही बोलली नाही.

पण ठसकेबाज, भंगारवाला काय नेतो? ज्याला भाव आहे तेच. कुरकुऱ्याचं पाकीट, शांपूची पुडी, डायपर, थर्माकोलची ताटली तो हातात धरतो का?

ठसकेबाज

नाही धरत. ते मान्य.

पण जाळण्याचं काय?

चिमणपाखरू

जाळण्याचं मी सांगतो. मी पक्षीवाला, कचऱ्यातलं कळत नाही, पण नागोयाचं नाव वाचून थांबलो.

नागोयाच्या बंदराजवळ फुजिमाए नावाची एक चिखलपट्टी आहे. भरती-ओहोटीच्या मधली, सायबेरिया ते ऑस्ट्रेलिया अशा प्रवासाला निघालेले तुतवार, चिखले असे पाणथळीतले पक्षी तिथे उतरून पोट भरतात. शहराची कचरा पुरायची जागा संपत आली होती आणि नवी जागा म्हणून तीच चिखलपट्टी भरायचं ठरलं होतं. स्थानिक लोक वर्षानुवर्षं भांडले. १९९९ च्या जानेवारीत महापालिकेनं तो बेत सोडला. मग कचरा टाकणार कुठे? फेब्रुवारीत "कचरा आणीबाणी" जाहीर केली आणि दोन वर्षांत कचरा एक पंचमांशानं घटवायचं उद्दिष्ट लोकांसमोर ठेवलं. २००० मध्ये पॅकिंगचं प्लास्टिक-कागद वेगळं करायला सुरुवात झाली. पहिले काही महिने नुसता गोंधळ, फोनवर फोन. पण दोन वर्षांत वर्षाकाठच्या साधारण दहा लाख टनांतला पाचवा हिस्सा आणि वर थोडा कमी झाला. २००२ मध्ये फुजिमाए रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली.

म्हणजे आबोलीताईंना बाटलीचं वेष्टन सोलायला लावणारे ते आजोबा एका पिढीपूर्वी या सगळ्यातून गेलेत. ते तुतवारांसाठी वाकले होते, तुमच्यासाठी नाही. 🙂

आणि जाळतात कारण जपानात पुरायला जमीन नाही. राख कचऱ्याच्या मानानं कितीतरी कमी जागा घेते. भट्टीच्या उष्णतेवर वीज करतात, कुठे कुठे शेजारचा पोहण्याचा तलावही गरम करतात. चांगलं का वाईट, त्यावर वाद घाला, पण वेगळं केलं नाही तर भट्टीत जास्त जातं, एवढं तरी धरा.

अवांतर: महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा आपली नांदूरमधमेश्वर, २०२० मध्ये जाहीर झालेली. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं धरण, निफाड तालुका. नाशिकमध्ये नदीत टाकलेलं खाली तिकडेच जातं. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर कधीतरी या, दुर्बीण माझी.

ठसकेबाज

हे माहीत नव्हतं. जाळण्यावरचं अर्धं मागे घेतो, सायकलवाल्यावरचं घेत नाही.

सातपूरकर

नदीचा विषय निघाला म्हणून. विल्होळीच्या बाजूला आपल्याकडे जर्मन मदतीनं एक प्रकल्प झाला होता, हॉटेलांचं खरकटं आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र कुजवून गॅस, गॅसवर वीज. आम्ही काही निवृत्त मंडळी बघायला गेलो होतो. तिथल्या माणसाचं गाऱ्हाणं एकच: खरकट्यात चमचे येतात. स्टीलचे चमचे! आणि प्लास्टिकच्या पिशव्या. आतले जीवाणू बिचारे भात खातात, चमचा खात नाहीत. तेव्हा वेगळं करण्याचं सगळं शास्त्र एवढंच, की पुढे जो खाणार आहे, भट्टी असो, जीवाणू असो की कोरियातलं डुक्कर, त्याच्या ताटात काय वाढायचं.

आबोली

चिमणपाखरू, तुमचं वाचून मी आधी ह्यांना वाचून दाखवलं आणि मग लेकीला फोन केला. ती चार वर्षं तिथे राहतेय, तिलाही ठाऊक नव्हतं.

निर्माल्याचं मात्र कोणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. बारशाला हार, फुलं, विड्याची पानं, सुपारी, अक्षता, सगळं झालं. इथे असते तर रामकुंडाजवळच्या निर्माल्य कलशात टाकून आले असते. तिथे? लेक म्हणाली, आई, फुलं जळणाऱ्यात. माझा हात होईना. डायपरच्या पिशवीत देवाचा हार? दोन दिवस ते निर्माल्य ताटलीत तसंच सुकत बसलं.

शेवटी लेकीनं शेजारच्या काकूंना विचारलं. त्यांनी सांगितलं ते ऐकून मी थक्कच झाले. त्यांच्याकडे देवळातले ताईत असतात, वर्षभर जवळ ठेवायचे आणि मग देवळात परत करायचे. देऊळ लांब असेल तर पांढऱ्या कागदावर ठेवून, चिमूटभर मीठ भुरभुरून, कागद दुमडून, वेगळ्या पिशवीत घालून जळणाऱ्यात द्यायचे. मनात आभार मानून. मीठ म्हणजे शुद्धी. मी तसंच केलं, फक्त मिठाबरोबर हळदीचं बोटही लावलं. गुरुवारी सकाळी स्वतः खाली घेऊन गेले, स्वतंत्र छोट्या लाल अक्षरांच्या पिशवीत. आजोबा तिथेच जाळी सरळ करत होते. मी हात जोडले ते निर्माल्याला, त्यांना वाटलं त्यांना. तेही वाकले.

पाऊलवाट

जर्मनीत निर्माल्य तपकिरी डब्यात, खत होतं. दोरा मात्र काढून टाका. आई हार तोडून फुलं वेगळी करते, दोरा काळ्यात.

कोथिंबीरवडी

आबोलीताई, डोळ्यांत पाणी आणलंत. आमच्याकडे सासूबाई फुलं वाळवून कुंडीतल्या तुळशीला घालतात.

नवखा_०७

आईनं पूर्ण धागा ऐकला. तिच्या तीन शंका आहेत, मी तशाच लिहितो.
एक, बहिणीकडची जुनी वॉशिंग मशीन बदलायची आहे, ती भंगारवाल्याला किती रुपयांत जाईल?
दोन, कढीपत्त्याच्या काड्या आणि नारळाची करवंटी कशात?
तीन, चुकून चुकीच्या दिवशी ठेवलं तर दंड होतो का? पोलीस येतात का? (ही शंका तिनं दोनदा विचारली.)

आबोली

नवखा, आईंना सांग घाबरू नका.

वॉशिंग मशीन विकली जाणार नाही, उलट पैसे द्यावे लागतील. तिथे २००१ पासून कायदा आहे, टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी या चार वस्तू साध्या कचऱ्यात जात नाहीत. नवी घेताना जुनी त्याच दुकानाला न्यायला सांगायची, रिसायकलिंगचं आणि नेण्याचं शुल्क आपण द्यायचं. दारावरून "फुकट नेतो" असं भोंग्यावर ओरडत जाणारे ट्रक असतात, त्यांना देऊ नका. फुकट म्हणून चढवतात आणि मग पैसे मागतात, शिवाय परवाना नसलेले असतात. ठसकेबाजांच्या सायकलवाल्याशी त्यांची तुलना करू नये.

खुर्ची, सतरंजी, गादी, इस्त्रीचं टेबल असलं, एखादी बाजू ३० सेंटीमीटरच्या वर गेली की ते सोदाइ. आधी नोंदणी करायची, कोपऱ्यावरच्या दुकानातून शुल्काचं स्टिकर आणायचं, चिकटवायचं, दिलेल्या दिवशी बाहेर ठेवायचं.

चुकीचा दिवस झाला तर पोलीस नाही, स्टिकर. पिशवी परत घरात आणायची, बस. दंड आणि तुरुंग हा चोरून कुठेतरी रानात, नदीकाठी फेकणाऱ्यांना, त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी येनपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे कायद्यात. आईंना हे वाक्य वाचून दाखवू नकोस.

हडसनकाठी

एक कोटी येन 😳 आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्यांना वाचून दाखवायला हवं. खिडकीतून थेट खाली.

ठसकेबाज

आबोलीताई, एक विचारू? परत आल्यावर इथे काय करता? खरं सांगा.

आबोली

खरं सांगते. पहिले दोन महिने दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीत वाळत घातल्या, तसं आधीही करायचेच. बाटल्यांची वेष्टनं सोलायला लागले तेव्हा ह्यांनी विचारलं, कुणासाठी? तेव्हा सोडलं. आता तीन डबे आहेत. तिसरा लहान, त्यात ट्यूबलाइट, सेल, औषधांच्या पट्ट्या, डायपर-पॅड कागदात गुंडाळून. डायपरचा प्रश्न आता आमच्याकडेच आला, नात सहा महिने इथे होती ना! ओल्याची कुंडी गच्चीत, नारळाच्या शेंड्यांचा थर, थोडं ताक शिंपडते, अळ्या झाल्या तर कडुनिंबाचा पाला. सोसायटीतल्या चौदा घरांपैकी पाच करतात. बाकीच्यांशी बोलणं चालू आहे, दोघांशी बंद आहे.

घंटागाडीवरची मुलगी मला बघितली की ओरडते, "जपानच्या आजी आल्या!" तिला मी चकल्या देते.

चिमणपाखरू

आजींच्या कुंडीसाठी ताक: पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. वेगळा धागा काढा.

नवखा_०७

ताई, कढीपत्त्याच्या काड्या आणि करवंटी राहिली.

आबोली

काड्या जळणाऱ्यात, पाणी निथळून. करवंटीही जळणाऱ्यातच दिली मी, पण फोडून, लहान तुकडे करून. अख्खी दिली तर पिशवीला भोक पडतं आणि कावळे तयारच असतात. आणि आईंना सांग, इथून निघताना कुठल्याही दुकानाची छापील पिशवी बॅगेत टाकू नका.